उतरावे कोठे?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्याख्यानासाठी विषय कोणता घेता, असे कार्यवाहांनी विचारले, तेव्हा आम्ही 'संकटात सापडलेले विमान कोठे उतरवावे' हा विषय सांगितला. शाळामास्तराने इतिहास सांगावा, भाषेवर बोलावे, फार तर विज्ञानाचे चमत्कार वर्णावेत. हा विमानात कोठे जाऊन बसला, असे पुष्कळांना वाटले असेल. आम्ही वैमानिक नव्हे. परंतु वर्गात गती, वेग आणि ऊर्जा यांचे धडे शिकवताना या विषयाची वाट सापडली आणि वाचू लागल्यावर ध्यानात आले की, हा विषय केवळ यंत्राचा नाही, विवेकाचा आहे. हाती वेळ थोडा, माहिती अपुरी, चुकीची किंमत प्राणाची, आणि तरीही निर्णय केलाच पाहिजे, अशी स्थिती माणसावर येते तेव्हा त्याची बुद्धी कशी चालते, हे पाहण्याला इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम एक गैरसमज दूर करू. इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली कोसळते, अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. घार पंख न हलविता आकाशात तरंगत असते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. विमानही पुढे सरकत आहे तोवर त्याच्या पंखांना हवा उचलून धरते. फक्त ते हळूहळू खाली येत राहते. लहान शिकाऊ विमान जितके खाली येईल त्याच्या आठ-नऊ पट अंतर पुढे जाते. मोठे प्रवासी विमान योग्य वेग राखल्यास पंधरा पटींच्याही पुढे जाऊ शकते. म्हणजे इंजिन बंद पडलेल्या वैमानिकाच्या गाठीला दोनच गोष्टी उरतात: उंची आणि वेग. उंची मोडून वेग घेता येतो, वेग मोडून थोडी उंची राखता येते. पण दोन्हींची बेरीज क्षणाक्षणाला घटत असते. नवी भर कोठून पडावयाची नाही. मिळकत थांबलेल्या आणि खर्च चालू असलेल्या घरासारखी ही अवस्था आहे. अशा घरात कर्त्या माणसाने पहिल्या दिवशीच हिशेब मांडावा लागतो.

वैमानिकांच्या शाळेत या हिशेबाचे शिक्षण पहिल्यापासून देतात. विद्यार्थी उड्डाण करीत असताना शिक्षक एकाएकी इंजिनाची शक्ती कमी करतो आणि विचारतो, सांगा, आता कोठे उतराल? विद्यार्थ्याने प्रथम विमानाचा तरंगण्याचा योग्य वेग साधावयाचा, मग जागा हेरावयाची. वारा कोणीकडून आहे, हे धुरावरून, झाडांच्या शेंड्यांवरून, तळ्यातील लाटांवरून ओळखावयाचे. शेत लांब किती, चढाचे की उताराचे, पीक उभे की कापलेले, जमीन ओली की कोरडी, कडेला विजेच्या तारा आहेत काय, हे सारे पाहावयाचे. नांगरलेल्या रानात उतरणे भागच असेल तर सऱ्यांना आडवे न जाता त्यांच्या रेषेने उतरावयाचे. रस्ता दिसला म्हणून भुलावयाचे नाही. रस्त्याच्या कडेला खांब आणि तारा असतात, आणि रस्त्यावर माणसे असतात. जेथे माणसे आहेत ते मैदान कितीही सपाट असो, ते मैदान नव्हे.

वाऱ्याचा एवढा विचार का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर गणितात आहे. समजा, विमानाला हवेत टिकण्यासाठी ताशी १०० किलोमीटर वेग हवा आहे आणि वारा ताशी २० किलोमीटर आहे. वाऱ्याला सामोरे जाऊन उतरले तर जमिनीला टेकताना वेग ८० राहतो. वारा पाठीशी घेऊन उतरले तर १२० होतो. ८० आणि १२० यांत फरक दीडपटीचा. परंतु आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दीडपट वेगाला सव्वादोन पट ऊर्जा. तेच विमान, तेच शेत, तोच वैमानिक; केवळ कोणत्या टोकाकडून आत शिरावे एवढ्या निवडीत जगणे-मरणे ठरू शकते. वर्ग आणि वर्गमूळ यांचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलांना आम्ही हे उदाहरण देतो.

अशा शिक्षणात आणखी एक नियम घोकून घेतात, आणि तो आमच्या मते सर्वांत शहाणपणाचा आहे. एकाच इंजिनाचे लहान विमान नुकतेच जमिनीवरून उठले, उंची थोडी आहे आणि इंजिन बंद पडले, तर मागे वळावयाचे नाही. धावपट्टी पाठीमागे आहे, ओळखीची आहे, पक्की आहे. मन ओढ घेते. परंतु वळण्यात उंची खर्च होते, आणि वळणाच्या भरात वेग घटला तर पंखांखालचा आधारच सुटतो. म्हणून समोर जे बरे दिसेल तेथे, थोडे डावे-उजवे करून, विमान सांभाळून उतरवावे. पुढचे ओबडधोबड शेत पाठीमागच्या सुरेख धावपट्टीपेक्षा बरे, कारण ते हाताशी आहे.

आता प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींकडे वळू.

१५ जानेवारी २००९ रोजी दुपारी न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरून यूएस एअरवेजचे एक एअरबस विमान शार्लट शहराकडे निघाले. विमानात सर्व मिळून १५५ माणसे होती. उड्डाणाला दोन मिनिटे होतात न होतात तोच, सुमारे २,८०० फूट उंचीवर, रानहंसांचा थवा आडवा आला आणि पक्षी दोन्ही इंजिनांत ओढले गेले. दोन्ही इंजिनांचा जोर जवळजवळ संपला. खाली न्यूयॉर्कसारखे दाट वस्तीचे महानगर. कप्तान होते चेस्ली सलेनबर्गर, वय ५७ वर्षे. उड्डाण उपवैमानिक जेफ्री स्काइल्स करीत होते. कप्तानांनी विमान आपल्या हाती घेतले आणि स्काइल्स इंजिने पुन्हा चालू करण्याच्या खटपटीला लागले. अशा प्रसंगासाठी छापील सूचनांची यादी असते. परंतु ती यादी पुष्कळ उंचीवर असताना इंजिने बंद पडतील असे धरून केलेली होती. इतक्या कमी उंचीवर ती पुरी वाचण्यासही सवड नव्हती.

जमिनीवरील नियंत्रकाने लागार्डियाची धावपट्टी मोकळी करून दिली. मग पलीकडे न्यू जर्सीतील टेटरबोरो विमानतळाची गोष्ट निघाली, तेथील धावपट्टीही मिळाली. कप्तानांनी शांतपणे कळविले की, जमणार नाही, आम्ही हडसन नदीत उतरणार. पक्षी आदळल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत सुमारे २०८ सेकंद गेले. साडेतीन मिनिटेही नव्हेत! जानेवारीची कडाक्याची थंडी होती. परंतु जेथे विमान टेकले तेथे नावांची ये-जा होती. चार-एक मिनिटांत पहिली नाव येऊन पोचली. उतारू पंखांवर उभे राहिले. बुडणाऱ्या विमानात कोणी राहिले तर नाही ना, हे पाहण्यासाठी कप्तानांनी आतून दोनदा फेरी मारली आणि मग ते बाहेर आले. १५५ पैकी १५५ माणसे वाचली.

पुढे चौकशी झाली. जागच्या जागी उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्रांत वैमानिक बसवून तो प्रसंग पुन्हा पुन्हा उभा केला गेला. पक्षी आदळताक्षणीच विमान वळविले, तर काही प्रयत्नांत ते धावपट्टीवर पोचले. झाले! मग नदीत कशाला उतरविले, असे म्हणणाऱ्यांना आधार मिळाला. परंतु त्या यंत्रातील वैमानिकांना पुढे काय होणार हे आधीच ठाऊक होते. खऱ्या वैमानिकाला घडले काय हे ओळखावे लागते, इंजिने परत येतात काय हे पाहावे लागते, मग ठरवावे लागते. त्यासाठी ३५ सेकंदांचा अवधी धरून तोच प्रयोग केला, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोचले नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने नदीचा निर्णयच माणसे वाचण्याच्या दृष्टीने सर्वांत योग्य ठरविला.

यात आमच्या मनाला भिडते ते असे. धावपट्टी जवळपास पोचण्यासारखी होती. 'जवळपास' हा शब्द मोठा घातकी आहे. नदीत थोडे अलीकडे-पलीकडे झाले तरी पाणी ते पाणीच. पण धावपट्टीच्या अलीकडे थोडेसे कमी पडले म्हणजे खाली घरे, आणि घरांत ज्यांचा या प्रवासाशी काही संबंध नाही अशी माणसे. म्हणजे निवड करताना केवळ यश मिळाले तर किती चांगले एवढेच पाहून भागत नाही. चुकले तर किती वाईट, आणि कोणाचे, हेही पाहावे लागते. उत्तम जागा आणि निश्चित जागा यांत भेद पडला तर निश्चित जागा घ्यावी, हा त्या दुपारचा धडा आहे.

दुसरी गोष्ट कॅनडातील, २३ जुलै १९८३ची. एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान मॉन्ट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटनला चालले होते. माणसे ६९. सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंधन संपू लागल्याची सूचना झाली, आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. इंधन संपले कसे? विमानातील इंधन दाखविणारी यंत्रणा बिघडली होती, म्हणून हिशेब हाताने केला होता. कॅनडात तेव्हा जुनी मापे जाऊन नवी येत होती. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. टाक्यांत ७,६८२ लिटर होते. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी सुमारे ०.८ने गुणावयाचे, ते गुणले गेले १.७७ने. हा गुणक पौंडांचा! उत्तर १३,५९७ आले आणि त्यालाच सर्वांनी किलोग्रॅम मानले. त्यामुळे जेथे आणखी सुमारे २०,००० लिटर भरावयास हवे होते, तेथे ४,९१७ लिटर भरले गेले. उत्तराखाली एकक लिहा, असे आम्ही मास्तर मंडळी मुलांच्या मागे लागतो, त्याला मुले कटकट म्हणतात. त्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

असो. आता चुकीचा शोध लावण्याला अर्थ नव्हता. उतरावयाचे कोठे, हा प्रश्न होता. विनिपेगचा मोठा विमानतळ गाठावा असा विचार चालला होता. उपवैमानिक मॉरिस क्विन्टल यांनी हिशेब सुरू केला. दहा सागरी मैल जाण्यात विमान ५,००० फूट खाली आले होते. म्हणजे बारा पट. या मानाने विनिपेग हाती लागत नाही, हे त्यांनी ओळखले. परंतु त्यांनी पूर्वी हवाई दलात असताना गिमली येथील तळावर काम केले होते. तो तळ जवळ होता. तेथे वळावयाचे ठरले. विमान गिमलीला पोचले ते जास्त उंचीवर आणि जास्त वेगात. कप्तान रॉबर्ट पिअरसन यांना इंजिनाविना उडणारी ग्लायडर विमाने चालविण्याचा छंद होता. ग्लायडरवाले उंची झटकन कमी करण्यासाठी विमान तिरपे धरून घसरत आणतात. ती युक्ती त्यांनी एवढ्या मोठ्या विमानाला लावली आणि धावपट्टी गाठली.

परंतु धावपट्टी आता धावपट्टी राहिली नव्हती. तळ बंद झाला होता आणि तेथे मोटारींच्या शर्यती होत असत. त्या दिवशी तर कुटुंबे, मुलेबाळे जमून मेळावाच भरला होता. इंजिनांचा आवाज नसल्याने विमान येत आहे हेही लोकांना वेळीच कळले नाही. विमानाचे पुढचे चाक पक्के बसले नव्हते. ते मुडपले, नाक जमिनीवर घासत गेले, आणि त्या घासण्यानेच विमान लवकर थांबले. विमानातील आणि जमिनीवरील सर्व माणसे वाचली. येथे दोन्ही गोष्टी दिसतात. जुनी ओळख उपयोगी पडली, हे खरे. पण ज्या जागेची ओळख आपल्या स्मरणात आहे ती जागा आज तशीच असेल असे नाही, हेही खरे.

तिसरी गोष्ट २४ मे १९८८ची. मध्य अमेरिकेतील टाका कंपनीचे बोइंग ७३७ विमान बेलीझहून अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सकडे जात होते, माणसे ४५. वादळी ढगांतील पाऊस आणि गारा यांनी दोन्ही इंजिने बंद पाडली. कप्तान कार्लोस दार्दानो यांचा एक डोळा एल साल्वादोरमधील यादवीच्या धामधुमीत गोळी लागून पूर्वीच गेला होता. ढगांतून विमान खाली आले तेव्हा विमानतळ आवाक्याबाहेर होता. समोर कालवा दिसला. त्यातच उतरावयाचे ठरले. एवढ्यात कालव्याच्या जवळ पूर अडविण्यासाठी घातलेला गवताळ बांध दृष्टीस पडला. लांब, सरळ आणि मोकळा! कप्तानांनी ऐन वेळी बेत बदलला आणि बांधावर विमान असे अलगद टेकविले की ते फारसे मोडलेही नाही. पुढे दुरुस्त होऊन ते जवळच्याच एका रस्त्यावरून उडून गेले.

मघाशी आम्ही म्हटले, की निश्चित जागा धरावी. येथे तर ठरलेली जागा सोडली. हा विरोध नव्हे काय? आमच्या मते नव्हे. भ्याल्यामुळे या शेतावरून त्या शेतावर उडी मारणे निराळे, आणि डोळे उघडे ठेवून, अधिक चांगली व तितकीच हाताशी असलेली जागा दिसली असता ती घेणे निराळे. शिक्षकही वैमानिकांना सांगतात की, एकदा निवड केली म्हणजे क्षुल्लक कारणासाठी बदलू नका. पण स्पष्ट चूक दिसली तर हट्टही धरू नका. हट्ट आणि निर्धार यांचा चेहरा सारखाच असतो. ओळख डोळ्यांवरून पटते. निर्धाराचे डोळे उघडे असतात.

जागेइतकाच वेळेचा प्रश्न आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान पोर्टलंडला उतरण्याच्या बेतात होते. चाके खाली सोडताना मोठा धक्का बसला आणि चाके नीट बसल्याचा दिवा लागला नाही. कप्तानांनी उतरणे लांबणीवर टाकले. चाकांची तपासणी, उतारूंची तयारी, सर्व काही यथासांग व्हावे म्हणून विमान तासभर घिरट्या घालीत राहिले. धावपट्टी डोळ्यांसमोर होती. परंतु चाकांच्या काळजीत इंधनाचे भान सुटले. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांनी सुचविले होते. पण ते दबक्या आवाजात. शेवटी इंधन संपून विमान वस्तीजवळच्या झाडीत कोसळले आणि १८९ पैकी १० माणसे गेली. या घटनेनंतर वैमानिकांच्या शिक्षणात मोठा पालट झाला. कप्तानाने विचारावे, हाताखालच्याने स्पष्ट बोलावे, आणि एकाने विमान सांभाळावे तर दुसऱ्याने अडचण सोडवावी, हे मुद्दाम शिकविले जाऊ लागले. 'साहेबांना ठाऊक असेलच' या वाक्याने विमानात माणसे मेली आहेत. विमानाबाहेरही मरतात.

याच्या उलट, २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअर ट्रान्सॅटच्या विमानात अटलांटिक महासागरावर इंधनाची गळती झाली. गळती ओळखण्यात गफलत झाली, चांगल्या बाजूचे इंधनही गळत्या बाजूला गेले, हे चौकशीत दिसून आले. परंतु शंका येताच, पहिले इंजिन बंद पडण्याच्या सुमारे अर्धा तास आधीच, वैमानिकांनी अझोर्स बेटांकडे मोहरा वळविला होता. त्या एका निर्णयामुळे दोन्ही इंजिने बंद पडल्यावरही सुमारे १९ मिनिटे तरंगत विमान बेटावर पोचले आणि ३०६ माणसे वाचली. कारण पुरते कळण्यापूर्वीच सुरक्षित दिशेला तोंड करावे. कारण वाटेत शोधता येते.

आपल्या हैदराबादकरांना जवळची अशीही एक हकिकत आहे. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस विमान मद्रासहून हैदराबादला आले. त्या वेळी शहराचा विमानतळ बेगमपेठेत होता. नीट दिसत नसल्यामुळे विमान उतरू शकले नाही व पुन्हा वर गेले. वर जाताना पंखांच्या झडपा, ज्यांना फ्लॅप म्हणतात, त्या पुरत्या आत जाईनात. झडपा बाहेर राहिल्या म्हणजे हवेचा अडथळा वाढतो आणि इंधन अधिक जळते. नेहमीचा हिशेब लागू पडत नाही. विमान मद्रासकडे परत निघाले, पण इंधन तेथवर पुरणारे नव्हते. अखेर तिरुपतीजवळ भाताच्या शेतात ते उतरविले गेले. विमान कायमचे निकामी झाले. आत अडीचशेहून अधिक माणसे होती, त्यांतील एकही दगावले नाही. वाटेतले गृहीत बदलले की साऱ्या प्रवासाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, हे त्या भाताच्या शेताने सांगितले.

मंडळी, येथवर वाचलेल्यांच्या गोष्टी अधिक सांगितल्या. म्हणून एक खबरदारी घेतली पाहिजे. निकाल चांगला लागला म्हणजे निर्णय चांगला, आणि वाईट लागला म्हणजे वाईट, असे मानू नये. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला जाणाऱ्या स्विसएअरच्या विमानात धूर दिसला. वैमानिक हॅलिफॅक्सकडे वळले, आणि जड विमान उतरविण्यापूर्वी इंधन सोडून देण्याच्या तयारीला लागले. आग झपाट्याने पसरली आणि विमान समुद्रात पडून २२९ माणसे गेली. सरळ का उतरले नाहीत, म्हणून त्यांना पुष्कळांनी दोष दिला. परंतु बारकाईने झालेल्या चौकशीत असे ठरले की, ते तत्काळ सरळ निघाले असते तरी वेळेत पोचले नसते. आमच्या उर्दूत दोन शब्द आहेत: तदबीर आणि तकदीर. तदबीर माणसाच्या हातची, तकदीर नाही. माणसाला तोलावयाचे ते त्याच्या तदबिरीवरून.

आता शेवटचा प्रश्न. चांगले शिकलेले वैमानिकसुद्धा अशा वेळी चुकतात, ते कशामुळे? विमानशिक्षणाच्या ग्रंथांत मनाचे तीन शत्रू सांगितले आहेत. पहिला, संकट आले आहे हेच मान्य न करणे. दुसरा, विमान वाचविण्याची आशा. जागा समोर असते, पण तेथे उतरले तर विमान मोडेल म्हणून वैमानिक पुढे पुढे जातो आणि विमानाबरोबर माणसेही घालवितो. तिसरा, इजा होण्याचे अवाजवी भय, ज्याने हातपाय गळतात. या तिघांत दुसरा शत्रू आम्हांला सर्वांत मोठा वाटतो, कारण तो सद्गुणाचे सोंग घेऊन येतो. पंख मोडू द्यावेत, चाके तुटू द्यावीत. त्यांच्या मोडण्यातच आघाताची ऊर्जा खर्ची पडते आणि आतला माणूस वाचतो.

आम्ही शिक्षक, आमच्यासमोर मुले आणि त्यांचे पालक असतात. बारावी झालेला मुलगा एका विशिष्ट परीक्षेला बसतो. एकदा, दोनदा, तीनदा. घरचे सोने गहाण पडते, मग जमीन. त्या एका धावपट्टीवाचून उतरण्यास दुसरी जागाच नाही, असे सारे घर मानून बसलेले असते. मुलाची उंची आणि वेग दोन्ही घटत असतात. उंची म्हणजे त्याचे वय, वेग म्हणजे त्याची उमेद. अशा वेळी बाजूला भाताचे शेत असते, गवताचा बांध असतो, एखादी नदी असते. कोणी यंत्रकामात उत्तम, कोणी हिशेबात, कोणी रुग्णसेवेत. तेथे उतरले तर घराण्याची हौस मोडेल. मोडू द्यावी. मूल धडधाकट बाहेर आले पाहिजे. आणि मुलांनाही आमचे सांगणे आहे: खचत असाल तर दबक्या आवाजात सुचवू नका. वडिलांना, आईला, मास्तरांना स्पष्ट शब्दांत सांगा. पोर्टलंडच्या विमानात तेवढेच कमी पडले.

विश्वस्त मंडळींपुढे बोलताना संकोच वाटतो; तरी महोत्सवाचा दिवस आहे म्हणून बोलतो. संस्थेचेही दिवस येतात. भाडे घटते, देणग्या आटतात, कायदे बदलतात. तेव्हा इमारत वाचवावी की शिष्यवृत्त्या, असा प्रश्न पुढे येईल. इमारत हे विमान आहे, विद्यार्थी हे उतारू आहेत. विमान सुबक हवे, त्याची निगा राखली पाहिजे. पण दोहोंपैकी एक निवडावयाचे झाल्यास पेच कसला? गेली पन्नास वर्षे या संस्थेने जात, धर्म न पाहता मुलांना हात दिला. आमच्यासारख्या घरांतील मुलांची नावेही तिच्या वह्यांत आहेत. तो हात चालू राहावा.

वैमानिक उतरण्याच्या जागेचा विचार संकट आल्यावर सुरू करीत नाही. चांगला वैमानिक आकाश निरभ्र असताना, इंजिने ठणठणीत असताना, खाली पाहत जातो आणि मनाशी म्हणतो: या घटकेला काही झाले तर ते शेत, पुढे गेल्यावर तो माळ. म्हणून वेळ आली असता त्याला नव्याने शोधावे लागत नाही. आजचा दिवस आपल्या आनंदाचा आहे, आकाश स्वच्छ आहे. अशाच दिवशी खाली एक नजर टाकून ठेवावी, एवढीच विनंती.